सशाचे बीळ आणि आपली जाळी

बालाघाटाच्या पठारावर, धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या चौसाळ्यासारख्या गावी जो कोणी अंगणात किंवा शेतवस्तीवर ससे पाळू इच्छितो, त्याने लाकूड-लोखंडाचा हिशेब मांडण्यापूर्वी या प्राण्याची प्रकृती समजून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. माळावरील रानससा आणि पाळीव ससा एकाच कुळातले खरे. परंतु रानसशाची पिले अंगावर लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि त्यांची सारी भिस्त पायांच्या वेगावर राहते, तर स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतून जगभर गेलेल्या पाळीव सशाच्या पूर्वजांचे संरक्षण जमिनीखालच्या बिळात होते, आणि म्हणूनच त्याची पिले आजही नागडी व आंधळी जन्मतात. (रानससा पकडून पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाच आहे.)

शत्रूंची येथे वानवा नाही: भटकी कुत्री, मुंगूस, कोल्हा, रानमांजर, वरून घुबड, आणि पिलांवर टपलेली धामण व घूस. षट्कोनी घरांची हलकी कोंबडीजाळी कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही. अर्ध्या इंचाच्या घरांची, जाड तारेची वेल्डमेश चारी बाजूंनी व छतावरही घालावी. तिचा दीड-दोन फुटांचा पदर बाहेरच्या अंगास अंथरून मातीखाली दाबावा. कारण उकरणारे जनावर कुंपणाच्या अगदी बुडाशी नखे चालवते, आणि तेथे तार लागली की दोन फूट मागे सरून बोगदा काढणे त्याला सहसा सुचत नाही. दाराला दोन कड्या हव्यात.

एवढा बंदोबस्त करूनही अर्धेच काम होते, आणि हीच गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. सशाचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. जाळीबाहेर रात्रभर घिरट्या घालणारा कुत्रा त्याला स्पर्श न करताही मारू शकतो, कारण भयाने त्याच्या आतड्यांची गती मंदावते, तो खाणे सोडतो, आणि अखंड चरण्यासाठी घडलेल्या त्या पचनसंस्थेला काही तासांचा खंडही घातक ठरतो. म्हणून पिंजऱ्यात दोन तोंडांची, आत काळोख असलेली लाकडी पेटी अवश्य ठेवावी; हिरावून घेतलेले बीळ त्याला परत देण्याची ही साधी तजवीज होय. हीच पेटी सावलीत ठेवल्यास उन्हाळ्यातही उपयोगी पडते, कारण तिशीपुढच्या तापमानात ससा कासावीस होतो आणि येथील वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. त्याच दिवसांत काळी जमीन भेगाळते, मृगाच्या सरींनी ती खचते व दाबलेला पदर उघडा पडतो. तेव्हा पहिल्या पावसानंतर पिंजऱ्याभोवती फिरून तो पुन्हा मातीने झाकावा.