नावांच्या कारभारात नागरिक कोठे?

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे किनाऱ्यावरील माणसाला शिकवावे लागत नाही. दोन्ही शब्दांत जोडाक्षर र आणि य यांचेच आहे. एकात र रफार होऊन डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात तो पापणीसारखा वळसा घेऊन य च्या आधी येतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज भासत नाही. मराठीला, कोकणीला आणि नेपाळीला मात्र त्याच्यावाचून चालत नाही. इंटरनेटवरील नावांच्या सर्वोच्च यादीत हा र चालावा की नाही, याचा निर्णय कोणत्याही विधानसभेत वा साहित्य संमेलनात झाला नाही. तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात नोंदलेल्या एका संस्थेच्या नियमावलीत झाला.

या संस्थेचे नाव आयकॅन. जमिनीवर हक्क सांगावयाचा तर एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असावे लागते. त्याचप्रमाणे इंटरनेटवर पत्ता हवा असेल तर तो नावांच्या नोंदवहीत असावा लागतो. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. ही सांगड घालणाऱ्या व्यवस्थेच्या शिखरावर एक मूळ यादी असते. 'कॉम', 'ऑर्ग', 'भारत' ही अंत्यनावे त्या यादीत आहेत म्हणूनच त्यांच्याखालील कोट्यवधी पत्ते जगभर उघडतात. एके काळी हा व्याप मुख्यतः जॉन पोस्टेल नावाचे एक संशोधक सांभाळीत. १९९८ साली आयकॅन स्थापन झाली आणि त्याच वर्षी पोस्टेल निवर्तले. पुढे अमेरिकन सरकारशी असलेल्या कराराखाली हे काम चालले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तो करारही संपला. आता सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संस्था यांनी मिळून हा कारभार पाहावा, असे तत्त्व सांगितले जाते.

तत्त्व उत्तम आहे. प्रश्न आहे तो त्यातील नागरिकाच्या खुर्चीचा. २००० साली आयकॅनने एक धाडस केले. संचालक मंडळाच्या पाच जागांसाठी जगभरातील सामान्य वापरकर्त्यांकडून थेट मतदान घेतले. सुमारे ३४ हजार लोकांनी मते दिली. जगाच्या मानाने ही संख्या नगण्य, पण मत विचारले गेले ही गोष्ट नगण्य नव्हती. दोनच वर्षांनी, २००२ च्या फेररचनेत, ही थेट निवडणूक रद्द झाली. वापरकर्त्यांसाठी उरली ती सल्लागार समिती. आज मंडळावरील सोळा मताधिकारी संचालकांपैकी एकच या वापरकर्त्यांच्या गोटातून निवडला जातो. ज्या गोव्याचे भवितव्य १९६१ पर्यंत लिस्बनमध्ये ठरत होते आणि ज्या गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात आपले मत प्रत्यक्ष नोंदविले, त्या गोव्याला सल्ला देणे आणि मत देणे यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही ही खुर्ची निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 'ऑर्ग' हे अंत्यनाव १९८५ पासूनचे. ते पुढे प्रामुख्याने सेवाभावी संस्था, ग्रंथालये आणि लोकोपयोगी उपक्रम यांची ओळख बनले. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्या दरवाढीवरील वार्षिक दहा टक्क्यांची मर्यादा उठविण्यात आली, आणि नोव्हेंबरात ते सांभाळणारी ना-नफा संस्था ११३.५ कोटी डॉलरना एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा बेत जाहीर झाला. व्यवहारात ३६ कोटी डॉलरचे कर्जही होते. ते कर्ज अखेर कोणाच्या खिशातून फिटणार, हे ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शेकडो संस्थांनी निषेध नोंदविला. जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस येथे आयकॅनच्या दारात निदर्शने झाली. आयकॅनच्या पहिल्या अध्यक्षा एस्थर डायसन याही विरोधकांत होत्या. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेपाचे पत्र धाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. सरकारी पत्राचे वजन मोठे होते हे खरेच. परंतु नागरिकांनी पाच महिने हाकाटी केली नसती, तर महाधिवक्त्यांची लेखणी उठली असती काय?

मग हा कारभार सरकारांच्याच हाती का देऊ नये, असे कोणी विचारील. भारताने २०११ साली संयुक्त राष्ट्रांत पन्नास देशांची समिती नेमण्याची सूचना केली होती. २०१५ साली मात्र आपल्या सरकारने सर्व घटकांच्या सहभागाचे तत्त्व उघडपणे उचलून धरले. आमच्या मते ही दुरुस्ती योग्य होती. ज्या सरकारांना अडचणीच्या वेळी इंटरनेटच बंद करावेसे वाटते, त्यांच्या हाती साऱ्या जगाची नोंदवही सोपविणे शहाणपणाचे नव्हे. अर्थात नागरी संस्थांचीही झाडाझडती घेतलीच पाहिजे. दूरदेशीच्या बैठकांना विमानाने जाणे ज्यांना परवडते आणि ज्यांना इंग्रजी सफाईने बोलता येते, तेच जनतेच्या नावे बोलतात. त्यांना कोणी निवडले, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर खुर्ची काढून टाकणे हे नव्हे. तेथे अधिक माणसे बसविणे हे होय.

पुन्हा त्या र कडे वळू. एरवी तो लिहिताना संगणकाला न दिसणारे एक जोडचिन्ह वापरता येते. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्या आडून फसवी नावे तयार होऊ शकतात, म्हणून मूळ यादीत त्या चिन्हाला मज्जाव आहे. नियम शब्दशः लावला असता तर 'तऱ्हा' आणि 'वारा' यांच्या रूपांची वाट बंद झाली असती; 'वाऱ्यावर' सोडून द्यावे लागले असते. भारतीय लिपींचे नियम ठरविणाऱ्या अभ्यासक-गटाने मराठी, कोकणी व नेपाळी यांची ही गरज ओळखली आणि नुक्ता असलेला 'ऱ' केवळ याच जोडाक्षरासाठी, य आणि ह यांच्यापूर्वी, मान्य करविला. २०१९ साली ते नियम मूळ यादीस लागू झाले. आपल्या भाषेतील एक अक्षर वाचले, कारण ती गरज मांडणारे कोणी तरी तेथे हजर होते.

देवनागरीतील 'भारत' हे अंत्यनाव २०१४ साली सुरू झाले ते मराठी, कोकणी, हिंदी यांसह आठ भाषांसाठी. घरच्या वादात मराठी आणि कोकणी परस्परांसमोर उभ्या राहतात. येथे मात्र दोघींचे हित एकच आहे. २०२६ च्या फेरीत नव्या अंत्यनावाच्या अर्जासाठी शुल्क ठरले ते २ लाख २७ हजार डॉलर. ते आपल्या साहित्य संस्थांच्या आवाक्यातले नव्हे. पण मसुद्यावर हरकत नोंदविण्यास शुल्क पडत नाही आणि विमानही लागत नाही. आपल्या ग्रंथालयांनी, साहित्य संस्थांनी, विद्यापीठांच्या भाषाविभागांनी प्रत्येकी एक जाणकार या कामी नेमावा. मराठी आणि कोकणीच्या मंडळींनी निदान या दप्तरापुरते एका बाकावर बसावे. २००८ साली इंटरनेट कारभाराची जागतिक परिषद आणि २०१६ साली आयकॅनची सभा भरली ती हैदराबादेत, पिढ्यान्‌पिढ्या मराठी नांदत असलेल्या शहरात. दरबार इतका जवळ येऊन जातो आणि आपण घरी बसतो, तर उद्या दर्या आणि दऱ्या एक झाल्याची तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.