महाराष्ट्रातील ॲनिमेशन

ॲनिमेशन म्हणजे थोडाथोडा फरक असलेली स्थिर चित्रे, वस्तूंची छायाचित्रे किंवा संगणकीय प्रतिमा एकामागून एक वेगाने दाखवून हालचालीचा आभास निर्माण करण्याचे तंत्र होय. मराठीत त्यास 'सचेतनीकरण' असेही म्हणतात. नेहमीच्या चित्रपटात कॅमेरा समोर घडणारी हालचाल टिपतो. ॲनिमेशनमध्ये मात्र प्रत्यक्षात न घडलेली, अथवा डोळ्यांना जाणवणार नाही इतकी संथ हालचाल एकेका चौकटीने उभी केली जाते. महाराष्ट्रात या तंत्राचा वापर भारतीय चित्रपटसृष्टीच्या आरंभापासून झाला आहे.

पूर्वपरंपरा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी (ता. कुडाळ) येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या आहेत. चित्रकथीमध्ये रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने प्रेक्षकांसमोर धरून गायनासह कथा सांगितली जाते. छायाबाहुल्यांच्या खेळात दिव्याच्या प्रकाशाने आकृतींच्या सावल्या पडद्यावर हलताना दिसतात. यातील हालचाल प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष घडत असल्याने या कलांना काटेकोर अर्थाने ॲनिमेशन म्हणता येत नाही. तथापि चित्रांचा क्रम आणि पडद्यावरील हलती आकृती ही ॲनिमेशनची दोन्ही अंगे त्यांत आढळतात. या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

कल्याण येथील पटवर्धन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे प्रयोग केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक कथांची चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर पाडली जात.

इतिहास

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर भांडवल मिळवण्यासाठी एक प्रात्यक्षिक केले. कुंडीत वाटाणे पेरून महिन्याहून अधिक काळ त्यांनी रोज थोड्या चौकटी टिपल्या. त्यातून सुमारे एका मिनिटाचा 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार झाला. बीजाचे वेलीत होणारे रूपांतर पाहून काही निवडक प्रेक्षकांची खात्री पटली आणि फाळके यांना कर्ज मिळाले. त्यानंतर तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगपेटीतील काड्या हलत असल्याचे दाखवले.

१९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबू काका' हा व्यंगपट काढला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा 'द पी ब्रदर्स' हा व्यंगपटही प्रदर्शित झाला. असे प्रयत्न तुरळक राहिले, कारण हाताने काढावयाच्या चित्रांची संख्या फार मोठी होती.

१९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले. जातककथेवर आधारित 'द बनियन डिअर' हा या विभागाचा आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट होय. याच विभागात घडलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या चित्रपटातील ॲनिमेशन, तसेच भारत व जपान यांच्या सहकार्याने झालेल्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' या चित्रपटाचे सहदिग्दर्शन ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) हा लघुपट दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचला.

तंत्रे

चित्रपटात सामान्यतः एका सेकंदास २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरल्यास सेकंदाला १२ चित्रे लागतात. या हिशेबाने दहा मिनिटांच्या व्यंगपटासाठी ७,२०० चित्रे काढावी लागतात. हे श्रम वाचवण्यासाठी पात्रे पारदर्शक पत्र्यांवर रंगवून ती एकाच स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

'स्टॉप मोशन' पद्धतीत वस्तू किंवा बाहुली किंचित हलवून प्रत्येक वेळी एक छायाचित्र घेतात. 'आगकाड्यांची मौज' याच प्रकारातला होता. 'टाइम लॅप्स' पद्धतीत वस्तूला हात न लावता ठरावीक कालांतराने छायाचित्रे घेतात. 'अंकुराची वाढ' हे त्याचे उदाहरण होय. संगणकीय ॲनिमेशनमध्ये चित्रकार हालचालीतील प्रमुख स्थिती ठरवतो आणि मधल्या चौकटी संगणक भरतो. त्यामुळे चित्रे काढण्याचे श्रम कमी होतात. परंतु हालचाल केव्हा जलद आणि केव्हा संथ असावी, हा निर्णय चित्रकाराचाच राहतो.

आधुनिक उपयोग

मनोरंजन व जाहिरातींखेरीज शिक्षण, वैद्यक, स्थापत्य आणि अभियांत्रिकी या क्षेत्रांत ॲनिमेशनचा उपयोग होतो. हृदयाच्या झडपांचे कार्य किंवा यंत्राच्या आतील भागांची हालचाल कॅमेऱ्याने सहज दाखवता येत नाही. ती ॲनिमेशनने स्पष्ट करता येते. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन येथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

कोकण किनाऱ्यावर हवामानाच्या पूर्वसूचनेत हे तंत्र महत्त्वाचे ठरते. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांनी ठरावीक अंतराने घेतलेल्या ढगांच्या प्रतिमा सलग दाखवल्या की चक्रीवादळाची दिशा व वेग ध्यानात येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकणालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकले आणि देवगडसह सिंधुदुर्ग किनाऱ्यावर आंबाबागा, घरे व नौका यांचे नुकसान झाले. अशा प्रसंगी एकाच स्थिर प्रतिमेवरून वादळ कोठे आहे एवढेच कळते. ते कोणत्या दिशेने येत आहे, हे प्रतिमांच्या क्रमातून उमगते. फाळके यांनी वाटाण्याच्या वाढीसाठी वापरलेले तत्त्वच येथे लागू होते.