परसबागेचे पहिले पंचेचाळीस दिवस

परसबाग हा शब्द आपल्याला नवा नाही. गावाकडच्या घरामागे मोरीचे पाणी जिथे जाई तिथे अळू, केळ, वालाचा वेल आणि मिरचीची चार झाडे हमखास असत. शहरात आल्यावर अंगणाला फरशी लागली आणि भाजी फक्त बाजारच्या पिशवीतून घरात येऊ लागली. 2023 च्या जुलै महिन्यात टोमॅटोचा भाव देशातील अनेक शहरांत किलोमागे शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या नागपूरच्या वसाहतीत घरच्या भाजीचा विषय पुन्हा निघाला. दसऱ्याच्या सुमारास सात-आठ घरांनी हौसेने बी-बियाणे आणले. दिवाळी उलटून गेल्यावर त्यातली निम्मी घरे थांबली होती. कारण विचारले तर सर्वांचे उत्तर एकच: "महिना झाला, काहीच येत नाही."

या उत्तराचा विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सुरुवातीचा दीड महिना हा मुळांचा आणि पानांचा काळ असतो. या काळात फळाची वाट पाहणारा माणूस निराश होतो. पाने मोजणाऱ्याला मात्र दर आठवड्याला प्रगती दिसते.

जागा आणि माती

आमच्या घरामागे दहा फूट लांब व आठ फूट रुंद एवढी जागा आहे. तिच्यात अडीच फूट रुंदीचे तीन वाफे बसले. वाफा याहून फार रुंद नसावा. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पालेभाज्यांना रोज चार तास ऊन पुरते, टोमॅटो, वांगी व मिरचीला सहा तास तरी हवे.

आपल्याकडची काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन घमेली मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धे घमेले धानाचा तूस मिसळावा. ताजे शेण घालू नये. ते मातीत कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळी मुळे करपतात. वाफा नसेल तर हेच मिश्रण कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या जुन्या बादलीतही चालते.

पहिले पंधरा दिवस

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे, अधिक नको. कोथिंबिरीसाठी, म्हणजे आपल्या सांबारासाठी, धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवून पेरावेत. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरणी केल्यावर आमच्या वहीत पडलेल्या नोंदी अशा: मेथी व मुळा चौथ्या दिवशी, टोमॅटो सातव्या, पालक आठव्या, वांगी नवव्या, सांबार अकराव्या आणि मिरची बाराव्या दिवशी उगवली. एकाच दिवशी पेरलेल्या बियांत आठ दिवसांचा फरक पडतो. तेव्हा मिरची चार दिवसांत उगवली नाही म्हणून बी खराब ठरवून माती उकरण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट पाहावी. प्रथम जी दोन गुळगुळीत पाने दिसतात ती बीजपत्रे. खरी पाने त्यानंतर येतात. तोपर्यंत रोपटे प्रामुख्याने बियातल्या शिदोरीवर वाढते, म्हणून या दिवसांत वरखत देऊ नये. पाणीही बेतानेच द्यावे. माती सतत चिंब राहिली की रोपाचा बुंधा जमिनीलगत मऊ पडतो आणि रोप आडवे होते. यालाच रोपे कोलमडणे म्हणतात व तो बुरशीमुळे होतो. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नको.

सोळा ते तीस दिवस

याच काळात नवशिक्यांचा धीर सुटतो. आधी दाटीची विरळणी करावी लागते. मुळ्याच्या दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवून बाकीची उपटावीत. जीव कळवळतो, पण दाटीत मुळा पोसत नाही. उपटलेला पाला भाजीत घालता येतो.

टोमॅटोची रोपे पंचवीस दिवसांची, चार-पाच पानांची झाली की त्यांची संध्याकाळी लावणी करावी. पुढचे एक-दोन दिवस ती माना टाकतात आणि नंतर आठवडाभर जागची हलत नाहीत. उपटताना तुटलेली बारीक मुळे पुन्हा फुटण्यात हा वेळ जातो. वरून काही दिसत नसले तरी मातीत काम चालू असते. अशा वेळी खत किंवा जास्त पाणी दिल्याने अपायच होतो.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना झाडाची पाने मोजायला व उन्हाचा हिशेब मांडायला शिकवले. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते वाढल्याशिवाय फळाची अपेक्षा धरता येत नाही. आम्हीही दर रविवारी प्रत्येक वाफ्यातील एका ठरावीक रोपाची उंची व पाने वहीत लिहू लागलो. नुसत्या डोळ्यांना न जाणवणारा फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो.

एकतीस ते पंचेचाळीस दिवस

आता पहिले उत्पन्न हाती येते. मेथी तिसाव्या दिवसाच्या आसपास निघते. पालक पस्तिसाव्या दिवशी, बुडखा दोन बोटे ठेवून कापला, तर तो पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो. सांबार चाळिसाव्या आणि मुळा पंचेचाळिसाव्या दिवशी तयार होतो. टोमॅटो मात्र यावेळी जेमतेम फूटभर उंच असतो. फार तर एखादा कळ्यांचा घोस दिसेल. मिरचीची तर लावणीच चाळीस दिवसांच्या सुमारास होते. हा उशीर नसून त्या पिकाची चाल आहे.

पानांच्या मागे मावा दिसू लागतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्यात थोडा साबण विरघळवावा आणि संध्याकाळी फवारावे. पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी समजावी व तेवढे पान तोडून टाकावे. जुनी खालची पाने पिवळी पडू लागली तर बहुधा नत्र कमी पडले आहे. तेव्हा मूठभर गांडूळखत बुंध्याभोवती मिसळावे.

हिशेब

पंचेचाळीस दिवसांत आमच्या घरी मेथी सुमारे दोन किलो, पालकाची एक कापणी, वीस मुळे आणि रोजच्या वरणापुरता सांबार एवढे निघाले. बियाणे व खताचा खर्च पाहता पहिल्या हंगामात पैशाची बचत नाममात्रच होते. माती तयार झाल्यामुळे पुढच्या हंगामाचा खर्च मात्र कमी होतो. मुलांच्या ताटात ताजी पालेभाजी पडते आणि जी भाजी त्यांनी स्वतः पेरलेली असते ती खायला ती कुरकुर करत नाहीत, हा लाभ वेगळाच.

तेव्हा सभासद बंधुभगिनींना आमचे नम्र आवाहन आहे की, नुसती मिरची-टोमॅटो लावून बसू नये. शेजारी मेथी अवश्य पेरावी. महिन्याभरात मेथीची भाजी झाली की मिरचीसाठी आणखी दोन महिने थांबण्याचा धीर आपोआप येतो. विद्यार्थ्यांनी एक वही घालून नोंदी ठेवाव्यात. उरलेली रोपे फेकू नयेत, शेजाऱ्याला द्यावीत. आणि पंचेचाळीस दिवस पूर्ण होण्यापूर्वी कोणीही आपली बाग मोडू नये.