मातीची पाने आणि रोगजंतू

भिलाई-३ च्या आसपास भर पावसाळ्यात शेताच्या बांधावरून चालण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना छत्तीसगडच्या कन्हार मातीचा चिवटपणा सांगावयास नको. विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेल्या माणसाला ती चटकन ओळखीची वाटते. आपल्याकडील काळ्या कपाशीच्या जमिनीचीच ती बहीण. पाण्याने फुगावे आणि उन्हाने भेगाळावे, हा दोघींचाही स्वभाव. या फुगण्यामागे जी रचना आहे, तिचाच उपयोग करून रोगजंतूंशी झुंजता येईल काय, हे शास्त्रज्ञ आज पाहात आहेत.

तशी निकडही आहे. पिंपरीला १९५४ साली प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना निघाला, तेव्हा जंतूंचा प्रश्न आता मिटलाच असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील, असा इशारा १९४५ मध्ये देऊन ठेवला होता. तो खरा ठरला.

फुगणाऱ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याची घडण जुन्या पोथीसारखी, पानावर पान. एकेका पानाची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सामान्य जंतू याच्या हजारपट लांब. पाने सुटी झाली की एका ग्रॅमचे पृष्ठफळ ७०० चौरस मीटरांच्या घरात जाते! पानांवर ऋण विद्युत्भार असतो आणि तो भागविण्यासाठी मध्ये सोडियमचे किंवा कॅल्शियमचे धनभारित आयन येऊन बसतात. ही बैठक काही कायमची नव्हे. दुसरे आयन आले की पहिले जागा सोडतात. तेथे चांदीचे आयन बसविले, म्हणजे ते हळूहळू बाहेर पडतात, जंतूच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि त्यांचे काम बंद पाडतात. तांबे व जस्तही अशाच रीतीने वापरतात. माती येथे मारेकरी नव्हे, कोठार आहे. जंतूच्या अंगावरही ऋणभारच असल्यामुळे कोरी माती त्याला जवळ ओढीतसुद्धा नाही.

याला काही नैसर्गिक अपवाद आहेत. आयव्हरी कोस्टमध्ये एका फ्रेंच महिलेने बुरुली व्रणावर फ्रान्समधील हिरव्या मातीचे लेप दिले. पुढे अमेरिकेत अशा दोन मात्या तपासल्या, तेव्हा एकीने जंतू मारले. दिसायला तशीच असलेल्या दुसरीने मारले नाहीत. ऑरेगॉनमधील निळ्या मातीच्या अभ्यासातून कारण उमगले: विरघळलेले लोह पेशीत शिरून तिला आतून जाळते आणि ॲल्युमिनियम तिच्या आवरणावर आघात करते.

म्हणून शेतातले ढेकूळ उचलून जखमेवर थापू नये. त्यात धनुर्वाताची बीजाणुरूपे असू शकतात, आणि ती साध्या धुण्याने मरत नाहीत. प्रयोगशाळेतील माती शुद्ध केलेली असते. आणि तीतही चांदी किती घालावी, हा प्रश्न नाजूकच, कारण मात्रा वाढली तर आपल्या पेशींनाही तिचा उपद्रव होतो, आणि चांदीला न जुमानणारे जंतूही आढळले आहेत.