दुमजली बसचा जिना आणि हृदयाचे आरोग्य

दीर्घायुष्याच्या संदर्भात आहाराची चर्चा पुष्कळ होते; परंतु हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकडेवारीने ठळकपणे पुढे आला तो लंडनच्या बस-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून, आणि तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे.

ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ, म्हणजे एखादा रोग समाजात कोणाला, किती प्रमाणात व का होतो याचा शोध घेणारे अभ्यासक, जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष मांडले.

चालक व वाहक साधारण एकाच सामाजिक स्तरातले. मात्र चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून काढत, तर वाहक दुमजली बसमध्ये वर-खाली जाऊन तिकिटे देताना दिवसाला सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार वाहकांमध्ये कमी आढळला आणि झालाच तर तो उशिरा व सौम्य स्वरूपात होई.

चालक मुळातच स्थूल असतील काय, या शंकेपोटी मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या विजारींची कंबरमापेही तपासली. चालकांची मापे खरोखरच मोठी निघाली. फिरते टपालवाटप करणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कर्मचारी यांच्यातही हृदयविकाराच्या बाबतीत असाच फरक दिसला होता.

आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे श्वास वाढेल पण बोलता येईल इतपत, हालचाल सुचवते. भरभर चालणे त्यात मोडते.