दंतरोपण आणि गिरमिटाचे कसब

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्या घराघरांत अजून ऐकू येते. दात गेलेल्यांना आता दंतरोपणाचा मार्ग मोकळा झाला आहे. आमच्या आदिलाबादहून काही मंडळी त्यासाठी उत्तरेस नागपूर, नाही तर दक्षिणेस हैदराबाद गाठतात. रोपण कोणत्या कंपनीचे आणि खर्च किती, ही चौकशी सारेच करतात. हाडात छिद्र कसे पाडणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः दाताचा पाया तेथेच घातला जातो.

टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले. परंतु हे एकजीव होणे काही महिन्यांचे काम आहे. तोवर सारी भिस्त मळसूत्राने हाडात घेतलेल्या पकडीवर असते. रोपण फार हलत राहिले, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय आवरण तयार होते आणि ते सैल पडते.

ही पकड कशी साधावी? २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मलची खेळणी पोनिकीच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. घराचे दार सागवानी असते. जाणता सुतार दोन्हींत सारखे छिद्र पाडीत नाही. जबड्याचेही तसेच आहे. खालच्या जबड्याचा पुढील भाग बहुधा सागवानासारखा घट्ट, तर वरच्याचा मागील भाग पोनिकीसारखा भुसभुशीत असतो. मऊ हाडात छिद्र रोपणाहून किंचित अरुंद ठेवल्यास पकड वाढते. अलीकडे उलट फिरणारी खास गिरमिटेही निघाली आहेत. ती हाड कोरून बाहेर न काढता कडेला दाबून बसवितात. घट्ट हाडात मात्र छिद्र फार अरुंद ठेवले, तर अतिदाबाने हाडालाच इजा पोहोचते.

उष्णता हा दुसरा शत्रू. सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले, तरी हाडाची हानी होते. म्हणून गिरमिट धारदार हवे, छिद्र टप्प्याटप्प्याने रुंद करावे आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार सतत सोडावी. हात डळमळला, तर छिद्र लांबट होऊन पकड जाते.

तेव्हा ‘माझे हाड कसे आहे आणि पकड किती मिळाली?’ हा प्रश्न वाचकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावा. पकड कमी भरली आणि डॉक्टरांनी थांबावयास सांगितले, तर घरच्या लग्नकार्यासाठी दाताची घाई करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.