राजाचं तळघर, प्रजेचं टेबल

जर्मनीतल्या ऐतिहासिक इमारतींत जेवायला बसलं की ताटाआधी इतिहास वाढला जातो. त्या बाबतीत कोल्हापूरही मागे नाही. म्युनिकपासून कोल्हापूरच्या रंकाळा तलावापर्यंतचे हे नऊ चटकदार घास. चाखता चाखता एवढंच बघा, टेबलावर बसायचा मान कुणाला होता!

१. राजवाड्याची काटकसर
म्युनिकचं जगप्रसिद्ध ‘होफब्रॉयहाउस’ जन्माला आलं ते खर्च वाचवायला. बाहेरगावाहून येणारी बिअर दरबाराला महाग पडू लागली, म्हणून १५८९ मध्ये ड्यूक विल्हेल्म पाचवा याने घरचीच भट्टी लावली. सामान्य माणसाला आत बसून पिण्याची मुभा मिळाली १८२८ मध्ये. म्हणजे २३९ वर्षं थांबा!

२. पेल्याला कुलूप
तिथे बिअर मागवली की थेट एक लिटरचा पेला समोर येतो. रोजच्या गिऱ्हाइकांचे तर स्वतःचे पेले असतात आणि ते ठेवायला तिथेच कुलूपबंद कप्पे. बँकेत लॉकर नसला तरी चालेल, पण इथे हवा.

३. दोघंच आहात? दार उघडं ठेवा
ब्रेमेनच्या टाउन हॉलखालचं ‘राट्सकेलर’ १४०५ पासूनचं. तिथे छोट्या लाकडी खोल्या आहेत, पण जुना रिवाज असा की आत निदान तिघं असतील तरच दार लावायचं. प्रेमिकांनी दुसरीकडे सोय बघावी.

४. शिवराज्याभिषेकाआधीची वाइन
याच तळघरात १६५३ ची वाइन अजून पिंपात आहे. ती भरली तेव्हा रायगडावरच्या राज्याभिषेकाला एकवीस वर्षं बाकी होती. बाटल्यांच्या यादीतही फक्त जर्मन वाइन. फ्रेंच मागाल तर नुसतं हसू मिळेल.

५. दारातच सैतान
लाइपझिगच्या ‘आउअरबाख्स केलर’मध्ये विद्यार्थी गटे यायचा. पुढे त्याने ‘फाउस्ट’ नाटकातला एक प्रवेशच तिथे घडवला. आज दारात फाउस्ट आणि सैतान मेफिस्टो यांचे पुतळे उभे आहेत. फाउस्टचा बूट घासला की नशीब उघडतं म्हणे, त्यामुळे तेवढा बूट सोन्यासारखा लखलखतो. फुकटात जाहिरात करणारा असा लेखक प्रत्येक हॉटेलवाल्याला मिळो.

६. पूर आला, सॉसेज चालूच
रेगेन्सबुर्गला डॅन्यूबवरच्या बाराव्या शतकातल्या दगडी पुलाशेजारी एक चिमुकलं सॉसेजघर आहे. कोळशावर भाजलेलं सॉसेज, आंबवलेली कोबी आणि मोहरीची चटणी, बस्स. भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तोंडपाठ असणाऱ्या कोल्हापूरकराला ती भिंत वाचायला दुभाषा लागणार नाही.

७. आमच्याही टाउन हॉलात सुरई
कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा, दोन्ही मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यांतून उभे राहिले. टाउन हॉलखाली बिअरचं तळघर नाही, पण वर संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती तिथलीच. टेकडीत मूर्तीसोबत सापडलेल्या ठेव्यात रोमन घडणीची काशाची सुरईसुद्धा होती. वाइन वाढायच्या सामानाशी आमची ओळख म्युनिकपेक्षा जुनी!

८. राजकन्येच्या नावाचा वाडा
रंकाळ्याच्या काठी १९३१ ते १९३४ या काळात शालिनी पॅलेस उभा राहिला. काळा दगड, इटालियन संगमरवर आणि राजचिन्हं कोरलेली बेल्जियन काच, असा थाट. १९८७ मध्ये तिथे हॉटेल झालं आणि बिल भरणारा कुणीही पाहुणा राजवाड्यात जेवू लागला. म्युनिकच्या तुलनेत आम्ही लवकरच आटोपलं.

९. आणि राजाच गिऱ्हाईक
सगळ्यांत मोठा मान मात्र एका साध्या चहाच्या हॉटेलाचा. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी ‘वरच्या’ जातींसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना धडा शिकवला आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले. आपण चहा घ्यायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजापुढे नाही म्हणणार कोण?

म्युनिकच्या राजाने आपलं दार प्रजेसाठी उघडलं, हे चांगलंच केलं. कोल्हापूरचा राजा प्रजेच्या दारात गेला आणि चहा मागवला. नाद करायचा नाय!